नादारीच्या अर्जाआधी आपलं ऑडिट आपणच करा



पेन्शन, नॉमिनी आणि मृत्युपत्र या विषयांवर आपण आधीच्या भागांत बोललो. आजचा विषय घराघरात असतो, पण कुणी मोठ्याने काढत नाही. कर्ज इतकं झालं की फिटणं शक्यच नाही, अशा वेळी माणूस न्यायालयात जाऊन स्वतःला नादार जाहीर करून घेऊ शकतो. आपण त्याला दिवाळखोरी म्हणतो. असा अर्ज केल्यावर हिशेबाची तपासणी होते, आणि त्या तपासणीची तयारी कशी करायची ते आज सांगणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वकील नाही. सैन्यात आयुष्य गेलं, आता जबलपूरला राहतो. पण माझ्या जुन्या युनिटमधल्या एका सुभेदार साहेबांच्या अर्जाची कागदपत्रं मी त्यांच्याबरोबर बसून लावली आहेत. शिवाय त्या प्रकरणात मी स्वतः एक सावकार होतो, म्हणजे त्यांनी माझेही पैसे देणं होतं. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या.

अठरा ब्लँकेट

सुरुवात मात्र माझ्यापासून करतो. कॅप्टन असताना माझ्याकडे क्वार्टरमास्टरचं काम आलं. चार्ज घेतला, सह्या केल्या, आणि तीन महिन्यांनी मोजणीत अठरा ब्लँकेट कमी निघाली. लोकल ऑडिट ऑफिसर पुढच्याच महिन्यात येणार होते. मनात पहिला विचार काय आला असेल? शेजारच्या युनिटकडून अठरा ब्लँकेट दोन दिवसांसाठी उसनी आणावीत.

आमचे हेडक्लार्क जुने हवालदार होते. ते म्हणाले, ‘साहेब, ऑडिट यायच्या आधी आपणच मोजू, आपणच लिहू. लॉस स्टेटमेंट करू. दाखवलेलं नुकसान हे नुकसानच राहतं. लपवलं की त्याची चोरी होते.’

आम्ही तसंच केलं. माझ्या पगारातून काही रक्कम कापली गेली आणि विषय संपला. ब्लँकेट उसनी आणली असती तर माझी नोकरी संपली असती. आज जे सांगणार आहे, त्याचं सार एवढंच आहे. बाकी तपशील.

कायदा कोणता?

अनेकांना वाटतं की २०१६चा दिवाळखोरी कायदा आला आणि आता सगळं त्याखाली होतं. कंपन्यांचं होतं. व्यक्तींसाठी त्या कायद्यात तिसरा भाग आहे, पण तो आजवर फक्त एका गटाला लागू झालाय : कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली आहे, त्यांना. तेही १ डिसेंबर २०१९पासून. तुम्ही तुमच्या मुलाच्या किंवा भाच्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जावर हमीदार म्हणून सही केली असेल, तर हा कायदा तुमच्या दारात येऊ शकतो. ती सही करताना दहा वेळा विचार करा.

बाकी सामान्य माणसासाठी अजून इंग्रजांच्या काळातले कायदेच आहेत. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९चा कायदा, तिथे अर्ज उच्च न्यायालयात जातो. इतर बहुतेक ठिकाणी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा, तिथे अर्ज जिल्हा पातळीवरच्या न्यायालयात. काही राज्यांत फरक आहेत, केरळला तर स्वतःचा वेगळा कायदा आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या वकिलाला आधी विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आपण मोफत मदतीच्या निकषात बसतो का ते पाहा.

मी आज जे सांगतोय ते १९२०च्या कायद्यावर बेतलेलं आहे. त्यात अर्ज करण्यासाठी कर्जाची किमान रक्कम किती आहे माहीत आहे? पाचशे रुपये! १९२० साली ती मोठी रक्कम होती. म्हणजे दार उघडं आहे. कस लागतो तो आत गेल्यावर.

तपासणी कोण करतं?

‘ऑडिट’ म्हटलं की आपल्यासमोर चष्मा लावलेला, लाल पेन घेतलेला माणूस येतो. इथे तसा एकच माणूस नसतो. तपासणी तीन बाजूंनी होते.

पहिली बाजू न्यायालयाची. सुनावणीत न्यायाधीश अर्जदाराला त्याच्या वागणुकीबद्दल, व्यवहारांबद्दल आणि मालमत्तेबद्दल प्रश्न विचारतात. दुसरी बाजू रिसीव्हरची. मालमत्ता ताब्यात घेऊन, विकून, सगळ्या सावकारांत वाटणारा हा न्यायालयाचा माणूस. त्याने मागितलेल्या हिशेबाच्या वह्या, मालमत्तेची यादी, देण्या-घेण्याच्या याद्या देणं बंधनकारक आहे. तिसरी बाजू सावकारांची, आणि तीच सगळ्यात कडक. कायद्यानं त्यांना तुम्हाला समोरासमोर प्रश्न विचारायचा हक्क दिलाय. बँकेचा वकील तुमची फाईल घरून वाचून आलेला असतो.

जाणूनबुजून माहिती दिली नाही, मालमत्ता लपवली किंवा वह्यांत फेरफार केला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कर्ज न फेडता आल्याबद्दल ही शिक्षा नाही, लबाडीबद्दल आहे. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण घाबरलेला माणूस नेमकी इथेच चूक करतो.

सुभेदार साहेबांची पिशवी

आमचे सुभेदार साहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले. २०१६ला निवृत्त झाले आणि इथेच जबलपूरला स्थायिक झाले. २०१८ला दोन ट्रक घेतले. पहिली दीड वर्षं धंदा बरा चालला. मग मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला आणि गाड्या उभ्या राहिल्या. ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, पण व्याज चढतच होतं. २०२१ला एका ट्रकला अपघात झाला. मग एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डावरून, हातउसने, बँकेचं वैयक्तिक कर्ज. शेवटी फायनान्सवाल्यांनी दोन्ही गाड्या ओढून नेल्या.

एके दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हातात किराणा दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद. नोटिसा, बिल्ट्या, डिझेलची बिलं, एटीएमच्या पुसट झालेल्या चिठ्ठ्या. किती देणं आहे विचारलं, तर म्हणाले, ‘वीस-बावीस लाख असेल साहेब.’

तीन रविवार बसलो. बेरीज एकतीस लाख झाली. गाड्या विकून उरलेली फायनान्सची बाकी १४ लाख २० हजार, बँक ६ लाख ५० हजार, दोन क्रेडिट कार्डं ३ लाख १० हजार, हातउसने ५ लाख ७० हजार, पेट्रोल पंप १ लाख १० हजार, टायरवाला ४० हजार. ‘वीस-बावीस’ हा आकडा त्यांनी खोटा सांगितला नव्हता. त्यांनी तो कधी मोजलाच नव्हता. म्हणून पहिलं काम हेच : दुसऱ्या कुणी मोजण्याआधी आपण मोजा.

चार फायली करा

पहिली फाईल देण्याची. प्रत्येक सावकाराचं नाव, पत्ता, रक्कम, कधी घेतले, कशासाठी घेतले. एकही नाव सोडायचं नाही, मेव्हणाही नाही आणि मित्रही नाही. आठवणीवर विसंबू नका. क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात, चारही ब्युरोंचे काढा. विसरलेलं एखादं मोबाइल अ‍ॅपवरचं कर्जही त्यात दिसतं. हातउशाचा पुरावा नसेल तर देणाऱ्याकडून आजच्या तारखेची चिठ्ठी घ्या. मागच्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळवून देणारे लोक भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे चला. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे. तसं झालं असेल तर वकिलाला आधीच सांगा, कोर्टात अचानक निघू देऊ नका.

दुसरी फाईल मालमत्तेची. घर, प्लॉट, गावाकडच्या शेतातला हिस्सा, गाडी, विमा, मुदत ठेव, शेअर, कुणाकडून येणं असेल तर तेही. प्रत्येकाची अंदाजे किंमत आणि ती वस्तू कुठे आहे ते लिहा. गावच्या सात-बारावर वडिलांच्या मागे आपलं नाव लागलंय आणि आपल्याला त्याचा विसर पडलाय, असं फार जणांचं असतं. बँकेचा वकील तो उतारा ऑनलाइन दोन मिनिटांत काढतो.

या फाईलमध्ये काय जाणार नाही, हेही कळायला हवं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं यांवर दिवाणी कायद्यानुसार जप्ती येत नाही. सरकारी पेन्शनवरही येत नाही, त्यासाठी १८७१चा वेगळा कायदाच आहे. निवृत्त सैनिकांनो, म्हणून पेन्शनचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. सुभेदार साहेबांनी दोन्ही एकत्र केली होती. कुठला रुपया पेन्शनचा आणि कुठला भाड्याचा हे वेगळं काढायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला. पत्नीचं स्त्रीधन तिचं असतं, पण दागिना तिचा आहे हे दाखवणारी जुनी पावती किंवा लग्नातला फोटो शोधून ठेवा.

तिसरी फाईल गेल्या तीन वर्षांच्या हिशेबाची. धंदा करणाऱ्यानं नादारीच्या आधीच्या तीन वर्षांत योग्य वह्या ठेवल्या नसतील, तर न्यायालय त्याला बिनशर्त मुक्तता देत नाही. बँकेची प्रमाणित विवरणं, आयकर विवरणपत्रं, आयकर संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण, जीएसटी असेल तर त्याचे कागद, सगळं वर्षावार लावा. तुमची वही आणि आयकरवाल्यांकडची माहिती यांत फरक दिसला, तर तो स्वतः शोधून बाजूला कारण लिहा.

चौथी फाईल ‘का बुडालो’ याची. ही बहुतेक जण करतच नाहीत, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कायद्यात आठ आण्याचा एक नियम आहे. तुमच्या मालमत्तेतून रुपयाला पन्नास पैसेसुद्धा निघत नसतील, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. अपवाद एकच : ज्या परिस्थितीमुळे हे झालं तिचा दोष न्यायानं तुमच्यावर येत नाही, हे तुम्ही पटवून द्यायचं. सट्टा, जुगार, उधळपट्टी यांनी बुडालेला माणूस आणि संकटानं बुडालेला माणूस यांत न्यायालय फरक करतं, पण तुमच्या चेहऱ्याकडे पाहून करत नाही. कागद लागतात.

सुभेदार साहेबांच्या गाड्या लॉकडाऊनमध्ये उभ्या होत्या, हे सिद्ध कसं करायचं? मला फास्टॅग सुचलं. दोन्ही गाड्यांची विवरणं काढली. आधी महिन्याला कितीतरी टोलनाक्यांच्या नोंदी, आणि एप्रिल २०२०मध्ये एकही नाही. त्यासोबत अपघाताचा पंचनामा आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार लावला.

उधळपट्टीचा प्रश्न येणार हेही दिसत होतं, कारण २०२१ला त्यांनी मुलीचं लग्न केलं होतं. तिथे वहिनी कामाला आल्या. त्यांनी लग्नाचा पै न पै खर्च एका वहीत लिहिला होता. पन्नास माणसांचं जेवण, हॉलचं भाडं, साड्या, भटजींची दक्षिणा. एकूण १ लाख ६४ हजार. आमच्या साऱ्या फायलींत सगळ्यात चोख हिशेब त्या वहीचा होता.

मेव्हण्याच्या नावावरचा प्लॉट

तिसऱ्या रविवारी, निघता निघता, सुभेदार साहेब दारात थांबले. म्हणाले, ‘साहेब, एक गोष्ट सांगायची राहिली. प्लॉट मेव्हण्याच्या नावावर केलाय. आठ महिने झाले. बक्षीसपत्र केलंय.’

मी त्यांना परत आत बोलावून बसवलं. हीच ती उसनी ब्लँकेट.

अर्जाच्या आधी दोन वर्षांच्या आत केलेलं असं हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. प्रामाणिक खरेदीदारानं योग्य मोबदला देऊन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. बक्षीसपत्रात मोबदलाच नसतो. म्हणजे प्लॉट तसाही वाचत नाही, वर लपवल्याचा ठपका बसतो आणि मेव्हणा साक्षीला खेचला जातो. वकिलांनीही हेच सांगितलं. अर्जात सरळ लिहिलं : अमुक तारखेला हा प्लॉट मेव्हण्याच्या नावे केला, मोबदला घेतलेला नाही, न्यायालयानं तो मालमत्तेत धरावा. मेव्हण्यानं हरकत नसल्याचं लिहून दिलं. वहिनी त्या दिवशी खूप रडल्या. तो प्लॉट म्हातारपणीच्या घरासाठी होता.

माझे ऐंशी हजार

दुसरी चूक होता होता राहिली. अर्जाला महिना असताना सुभेदार साहेब पाकीट घेऊन आले. मोटरसायकल विकून आणि थोडे जमवून आणलेले ऐंशी हजार रुपये. मी २०२१ला तेवढेच दिले होते. म्हणाले, ‘बँकेचं काय व्हायचं ते होईल साहेब, तुमचे आधी.’

मी घेतले नाहीत. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका सावकाराला मुद्दाम झुकतं माप देऊन पैसे फेडले, तर तो व्यवहार रद्द होतो आणि मुक्ततेच्या वेळी अर्जदाराच्या विरोधात जातो. मी ते घेतले असते तर रिसीव्हरनं माझ्याकडून परत मागितले असते, आणि नुकसान त्यांचं झालं असतं. ते रागावून गेले. दोन आठवडे फोन उचलला नाही. त्यांना वाटलं, साहेबांना माझे पैसे नकोत म्हणजे माझी किंमत उरली नाही.

शेवटी मीच घरी गेलो. सावकारांची यादी काढली आणि त्यांच्यासमोर नवव्या क्रमांकावर माझं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, रक्कम ऐंशी हजार. मोटरसायकल विकून आलेले पैसे मालमत्तेच्या यादीत गेले. तेव्हा कुठे वहिनींनी चहा ठेवला.

तुमच्यापैकी ज्यांनी नातेवाइकाला किंवा मित्राला पैसे दिले आहेत, त्यांनाही सांगतो. त्याच्या मागे लागून ‘माझे तेवढे आधी दे’ असं म्हणू नका. तुम्ही त्याला खड्ड्यात ढकलता.

सुनावणीचा दिवस

बँकेच्या वकिलांनी दोन तास प्रश्न विचारले. प्लॉटचा प्रश्न आला. उत्तर : ‘अर्जाच्या पाचव्या परिच्छेदात लिहिलंय.’ लग्नाचा प्रश्न आला. उत्तर : वही. शेवटच्या वर्षी कार्डावर एवढं कर्ज का घेतलं, या प्रश्नावर मात्र सुभेदार साहेब अडखळले. मग म्हणाले, ‘गाडी परत चालेल असं वाटत होतं. माझी चूक झाली.’ हे उत्तर आम्ही ठरवलेलं नव्हतं.

तिथे तीन गोष्टी पाळा. विचारलं तेवढंच सांगा. माहीत नसेल तर ‘पाहून सांगतो’ म्हणा, अंदाज ठोकू नका. आणि प्रत्येक तारखेला हजर राहा. नादार ठरवताना न्यायालय मुक्ततेचा अर्ज करायला मुदत घालून देतं. ती चुकली की आदेश रद्द होतो आणि सावकार पुन्हा मोकळे होतात. इतकी मेहनत केवळ तारीख विसरल्यामुळे वाया जाते.

काय सुटतं, काय सुटत नाही

खोटी आशा देत नाही. सरकारचं देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी यांतून मुक्तता मिळत नाही. तारण ठेवलेल्या वस्तूवर त्या सावकाराचा हक्क राहतो. आणि जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तरी बँक त्याच्याकडे जाऊ शकते. सुभेदार साहेबांच्या बँकेच्या कर्जाला त्यांचे चुलतभाऊ जामीन होते. अर्जाआधी आम्ही दोघं त्यांच्या घरी जाऊन हे सांगून आलो. बँकेच्या नोटिशीतून त्यांना कळायला नको, एवढाच उद्देश होता.

सुभेदार साहेबांना अटींसह मुक्तता मिळाली. प्लॉट विकला गेला. माझ्या वाट्याला ऐंशी हजारांपैकी साधारण एकोणीस हजार आले, तेही रिसीव्हरकडून, सगळ्यांच्या बरोबरीनं. पेन्शन चालू आहे. ते आता एका शाळेत सुरक्षा पर्यवेक्षक आहेत आणि रोजचा खर्च वहिनींच्या वहीत लिहितात.

तुमच्या घरात अशी एखादी पिशवी असेल, तर आज रात्री ती टेबलावर रिकामी करा. एकटे बसू नका, घरच्यांना किंवा एखाद्या जुन्या मित्राला बरोबर घ्या. एक कोरा कागद घ्या आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागा. आकडा कितीही मोठा निघाला, तरी तो लिहून झाल्यावर त्याचं काय करायचं ते ठरवता येतं.

पुढच्या भागात जामीनदाराच्या सहीबद्दल सविस्तर बोलू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.